बारामतीत शिकताना खर्च कुठे वाचतो?

प्रश्न : इंदापूर तालुक्यातून बारामतीला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याने रोजचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

उत्तर : बारामतीत शिकणाऱ्याचे सर्वांत जास्त पैसे खोलीभाडे आणि मेस यांवर जातात. चहा-वडापावची काटकसर त्यापुढे किरकोळ. म्हणून रोज ये-जा करून खोली टाळता येते का, हे पाहण्यासाठी पहिला हिशेब जाण्या-येण्याचा करावा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला सुमारे 66 टक्के सवलत मिळते. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. तरीही रोज येणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास तर मोफत आहे.

अंतर फार असेल तर खोली घ्यावीच लागते. तेव्हा गावाहून एसटीने येणारा डबा हा जुना आणि भरवशाचा आधार. ज्वारीच्या भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, पण चटणी आठवडाभर टिकते आणि रात्रीच्या जेवणाला फक्त भात लावला की भागते.

खरी मोठी बचत मात्र सरकारी योजनांत आहे आणि तिथेच विद्यार्थी चुकतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून, तर इतर मागास व भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी महाविद्यालयातच करावी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा. मुदत संपल्यावर आलेला दाखला त्या वर्षी उपयोगी पडत नाही.