जीवशास्त्र घेतलं म्हणून आकडे सुटत नाहीत

अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, की घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. दोन वर्षांनी मुलगी एमबीबीएस, फिजिओथेरपी किंवा बीएस्सीला जाते आणि एका संध्याकाळी तिचा फोन येतो, "आई, फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलचे आकडे एक्सेलमध्ये मांडायला सांगितलेत. मला काहीच येत नाहीये." लगेच कॉम्प्युटर क्लासची चौकशी सुरू होते.

फिजिऑलॉजी शिकवताना असे पालक मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी सांगते, क्लासची घाई करू नका, पण मुलांना हा विषय टाळूही देऊ नका. यातलं गणित म्हणजे बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ, आणि तेही संगणकच करतो. मुलांनी शिकायचं ते वेगळं आहे. आपण घेतलेल्या रीडिंगकडे प्रामाणिकपणे बघायला त्यांनी शिकायचं आहे.

एक साधं प्रॅक्टिकल

वीस विद्यार्थ्यांची बसल्या जागी नाडी मोजली. मग तीन मिनिटं पायरीवर चढउतार करून लगेच पुन्हा मोजली. आता हे आकडे मांडायचे. एका विद्यार्थ्याला एक ओळ, एका मोजणीला एक स्तंभ. एकक फक्त स्तंभाच्या शीर्षकात लिहायचं. चौकटीत '७२ ठोके' असं लिहिलं, तर स्प्रेडशीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि तो विद्यार्थी सरासरीतून गुपचूप गळतो. उत्तर येतं, पण ते एकोणीस जणांचं असतं.

तिसऱ्या स्तंभात फरक काढायचा. समजा, नाडी सरासरी ३८ ठोक्यांनी वाढली. बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि जर्नल पूर्ण करतात. खरा अभ्यास इथून पुढे आहे. सगळ्यांचीच वाढ ३८च्या आसपास आहे, की एकाची १५ आणि दुसऱ्याची ६१? सरासरी दोन्हीकडे तीच येईल, पण शरीरं वेगळी गोष्ट सांगत असतील. म्हणून सरासरीशेजारी प्रमाण विचलन, म्हणजेच एसडी, लिहायचं. त्याआधी आलेखही काढायचा, प्रत्येक विद्यार्थ्याची 'आधी'पासून 'नंतर'पर्यंत जाणारी एकेक रेघ. एखादी रेघ खाली उतरताना दिसली, तर मोजणी चुकली का, हे त्या विद्यार्थ्याला विचारता येतं.

मग टी-टेस्ट, म्हणजे ही वाढ निव्वळ योगायोगाची तर नाही ना, हे तपासणारी चाचणी. १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने ही पद्धत मांडली, ती मोजक्याच नमुन्यांसाठी. वीस जणांच्या वर्गाला ती नेमकी बसते. मात्र एक्सेल त्यात टी-टेस्टचा प्रकार विचारतं. तीच माणसं दोनदा मोजली असतील, तर उत्तर १, म्हणजे जोडीची चाचणी. मुलं सर्रास २, म्हणजे दोन वेगळ्या गटांची चाचणी, लिहितात. मग माणसामाणसांतला मूळचा फरक हिशेबात घुसतो आणि व्यायामाचा परिणाम झाकला जातो. कुठला आकडा लिहायचा, हे प्रयोग कसा केला यावरून ठरतं, संगणकावरून नाही.

फरक हीच माहिती

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. एकाच माणसाची ऊर्जेची गरजसुद्धा एका आकड्यावर स्थिर नसते, ती बदलत राहते, असं त्यांनी मांडलं. या मांडणीवर जगभर वाद झाला. पण पोषणाचा एवढा मोठा प्रश्न सरासरीपलीकडे बघितल्यामुळे उभा राहिला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं.

सावधगिरी

स्प्रेडशीट आपल्याला न विचारताही बदल करते. 'सेप्ट १' हे जनुकाचं नाव एक्सेल १ सप्टेंबर ही तारीख समजत असे. अशा चुका इतक्या शोधनिबंधांत शिरल्या, की अशा काही जनुकांची नावंच बदलावी लागली आणि २०२०मध्ये नामकरण समितीने तसे नियम जाहीर केले. म्हणून मूळ रीडिंगची फाइल वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. सगळं काम तिच्या प्रतीवर करा.

पुढे उपयोग काय?

एमडीला प्रबंध सक्तीचा आहे आणि प्रबंध म्हणजे आकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९पासून एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी स्टुडंटशिप देत आली आहे. तिथेही स्वतःचा डेटा स्वतःच मांडावा लागतो. क्लिनिकल ट्रायलचं डेटा व्यवस्थापन, क्रीडाविज्ञान, औषधनिर्मिती, सार्वजनिक आरोग्य या वाटांवर हे कौशल्य रोजचं आहे. ज्यांना डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही, त्यांच्यासाठीही यातल्या कित्येक वाटा खुल्या आहेत. पुढे 'आर' किंवा पायथन ही संगणकाची भाषा शिकायची असेल, तर पाया हाच.

पालकांनी यासाठी महागडा लॅपटॉप घेऊ नये. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळतं आणि गूगल शीट्स फोनवरही चालतं. मुलांनी आजपासून एवढंच करावं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजावी, दहा दिवस लिहून ठेवावी, सरासरी आणि एसडी काढावा. अकराव्या दिवशी संध्याकाळी जेवताना आईवडिलांनी विचारावं, "आकडे रोज सारखे का नाही आले?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलेल्या मुलाला आकड्यांची भीती राहणार नाही.