अंगावरून वारे गेले तेव्हा
(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

गेल्या वैशाखात एके पहाटे माझ्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले. आम्ही तेल चोळले, अंगारा लावला आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टर एवढेच म्हणाले, "उशीर केलात." हा उशीर नेमका कशाला झाला, ते यंदा मज्जासंस्था शिकताना मला कळू लागले. आमच्या घरात 'पेशी' हा शब्द आजवर कोर्टाच्या तारखेपुरताच होता. तेव्हा चूकभूल प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावी.

मेंदूत एक मज्जापेशी दुसरीला चेतवते, ती मुख्यतः ग्लुटामेट या रसायनाने. निरोप पोचल्यावर ते बाहेर पडून राहता कामा नये. पेशीपटलातील वाहक प्रथिने ते उचलून आत घेतात. आत ते बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते, म्हणजे काम चढाचे. पण वाहक स्वतः इंधन जाळत नाही. ग्लुटामेटच्या एका रेणूबरोबर सोडियमचे ३ व हायड्रोजनचा १ आयन आत येतो, पोटॅशियमचा १ बाहेर जातो. सोडियमच्या या उतारावर वाहक चालतो. उतार राखतो सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये त्याचा छडा लावला, त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा पंप मात्र एटीपी हे इंधन खातो.

रक्तवाहिनीत गुठळी अडकली की प्राणवायू बंद, साखर बंद. काही मिनिटांत एटीपी सरते, पंप थांबतो. सोडियम आत शिरतो, पोटॅशियम बाहेर साचतो आणि उतारच फिरतो. वाहक बिघडलेला नसतो. तोच आता उलटा चालून आतले ग्लुटामेट बाहेर ओततो. वीज गेल्यावर पाइपातले पाणी मोटर उलटी फिरवत विहिरीत परत जाते, तसे. विहिरीत निदान फूटव्हॉल्व्ह असतो!

हा नुसता तर्क नव्हे. लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दृष्टिपटलातील ग्लिया पेशींभोवतीचा पोटॅशियम वाढवून वाहक उलटा चालतो हे दाखवले. पुढे २००० मध्ये उंदराच्या मेंदूच्या कापांचा रक्तपुरवठा तुटल्यासारखी स्थिती निर्माण केली, तेव्हा सांडणारे बहुतेक ग्लुटामेट याच वाटेने येते असे त्यांना आढळले. त्याच्या अतिरेकाने शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्या मरतात. गाभ्यातल्या पेशी लवकर जातात; कडेच्या, थोडे रक्त मिळणाऱ्या, काही तास तग धरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात, तेही स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना हे पाहून, ते या पेशींसाठीच.

हे सारे मी अण्णांना मोटरीच्या भाषेत सांगितले. डाव्या हातातली कपबशी खाली ठेवून त्यांनी विचारले, "पण लाइट आली की मोटर पुन्हा सरळ चालते की रे?"

चालते, मी म्हणालो, लाइट वेळेवर आली तर. त्या साडेचार तासांत आम्ही तेल गरम करत होतो, हे मात्र मला त्यांच्यापुढे बोलवले नाही.