गाडी कारेगावातच राहू दे

वडगाव रासाई,
गुरुवार, रात्री

चि. बाळ,

दुधाचा टेम्पो नेणारा आपला पोरगा काल सांगत आला. पहाटे साडेचारला न्हावऱ्याच्या अलीकडे तू रस्त्याच्या कडेला होतास म्हणे. गाडी चालू, दिवा चालू, आणि तू टाकीवर डोकं टेकून गाढ झोपलेला. त्याने हलवलं तर म्हणालास, "केडगाव आलं का?" हे ऐकल्यापासून मला घास गोड लागेना. ताईला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. त्या बदल्यात हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायचं. फोनवर तू "हो मामा, बरं मामा" करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो.

अरे, त्या रस्त्यावर सीझनमध्ये काय चालतं ते तुला मी सांगायला हवं का? एका ट्रॅक्टरला उसाचे दोन ट्रेलर, मागे रिफ्लेक्टर असला तर असला, आणि टायर फुटला की गाडी तिथेच अंधारात उभी. जागा माणूससुद्धा शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो. तू तर झोपेत होतास.

तू माळकरी घरचा. दारूला शिवत नाहीस, याचा मला अभिमान आहे. पण हे वाच. सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे किती मंदावतात, ते शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय. रक्तात 0.05 टक्के दारू असल्यावर जी गत होते, जवळपास तीच. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याने 0.03 च्या वर मुभा नाही. तू सकाळी नऊला उठतोस, दुपारी घर सोडतोस, कारेगावला सेकंड शिफ्ट करतोस, वर चार तास ओव्हरटाइम. पहाटे चारला किक मारतोस तेव्हा एकोणीस तास झालेले असतात. दारू न पिता तू रोज त्या अवस्थेत चाळीस किलोमीटर येतोस.

बारा तास, सहा दिवस. बहात्तर झाले. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे 48 तास ठरवले, वरच्या कामाला दुप्पट मजुरी लावली, ती कामगारांनी पिढ्यान् पिढ्या भांडल्यावर. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून हिशेब मांडला. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, 35 ते 40 तास करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त. आणि पुण्यात 2024 च्या जुलैत ती सव्वीस वर्षांची सीए झालेली मुलगी गेली, नोकरीला लागून चार महिनेच झाले होते, तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र सगळ्या देशाने वाचलं. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांपुढे ताई होती.

तुझी आणखी एक सवय मला खुपते. दिवाळीला आलास तेव्हा फराळाच्या ताटावरही फोनवर तो प्रॉडक्शनचा ग्रुप वाजत होता, आणि दर वेळी तुझी मान वळत होती. माझंच बघ. रात्रीची लाईट असते तेव्हा मी उसाला दारं धरायला जातो. उसात खसफसलं की काळीज उडतं, तोंड कोरडं पडतं, पाय आपोआप पळायच्या तयारीला लागतात. पिंपरखेडला 2025 मध्ये बिबट्याने जीव घेतले, त्यानंतर तर जास्तच. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असताना डॉक्टरांनी मला समजावलं होतं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सुटतात, त्यांचं ते काम. जीव वाचवायला देवाने दिलेली सोय आहे ती. पण बिबट्या निघून जातो, तासाभरात मी बांधावर बसून तंबाखू मळतो. तुझ्या खिशातला बिबट्या जातच नाही. मग झोप कशी लागणार? आणि झोप नाही तर दुसरं काय धड होणार? ताईवर परवा भाकरीवरून ओरडलास, तो तू नव्हतास, तुझी जागरणं होती.

मीही असाच राबलोय. ऑफ सीझनला कारखान्याचा पगार अर्धाच मिळायचा, तेव्हा मी दौंडला एका दुकानात हिशेब लिहायचो. आपले आबा दर आषाढी वारीला विचारायचे, "यवतपासून वरवंडपर्यंत तरी चल की रे पालखीबरोबर. एकच दिवस." मी म्हणायचो, पुढल्या वर्षी. त्यांचे गुडघे गेले आणि ते विचारायचे थांबले. त्या दुकानातून मिळालेल्या पैशांचं काय केलं, मला आज आठवतही नाही. तुला मात्र त्यांनी चौफुल्याला खांद्यावर घेऊन पालखी दाखवली होती. तू त्यांची टोपी ओढत होतास.

रागावून लिहिलं असेल तर विसर. तू कुणासाठी राबतोस ते मला कळतं. स्लॅबचे हप्ते, धाकटीचं कॉलेज, दाजींचं औषध. पण स्लॅब अर्धा राहिला तरी कुणी उघड्यावर पडत नाही. दाजींशी मी बोलतो, ते माझ्यावर चिडले तरी चालतील.

कारेगावला खोली बघ. सोबतीला तुझ्या लाइनवरचा एखादा पोरगा घे. सहा महिन्यांचं भाडं माझ्याकडून, उसाचं बिल आलं की परत मागणार नाही. घरी आठवड्यातून एकदा ये, दिवसा ये, आणि झोप काढून मगच निघ. साहेबांना सांग, ओव्हरटाइम आठवड्यातून दोनच दिवस जमेल. सांगताना जीभ अडखळेल. अडखळू दे, पण सांग. छाती भरून येत असेल, काही सुचेनासं होत असेल तर 14416 वर फोन कर. मनाला आधार देणारी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात कमीपणा नाही. आणि तिथे बोलवत नसेल तर मला कर, कितीही वाजता. रात्री लाईटच्या पायी मी जागाच असतो.

या रविवारी वडगावला ये. गाडी तिथेच ठेव, एसटीने ये. मामी पुरणपोळी करणार आहे, पण जेवायचं बंधन नाही. माडीवर गादी घालून ठेवतो, उठवायला कुणी येणार नाही, फोन मात्र माझ्याकडे द्यायचा.

तुझा,
मामा

ता. क. – टेम्पोवाल्या पोराला मी सांगून ठेवलंय. पुन्हा कधी डोळे मिटायला लागले तर तिथेच थांब आणि त्याला फोन लाव. तो गाडीसकट तुला टेम्पोत घालून घरी आणील. त्याचा नंबर आत्ताच सेव्ह कर.