अनुताप आणि नवा जन्म

देवळीच्या काळ्या रानात जुनी पऱ्हाटी उपटल्यावाचून कोणी नवे पीक पेरीत नाही. मनाच्या शेताचेही तसेच आहे. या उपटण्यालाच आपण अनुताप म्हणतो.

ख्रिस्ती धर्मातही अनुतापावाचून दार उघडत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत त्यासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ मन पालटणे असा आहे. नुसते रडणे नव्हे बरं का! जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला की, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. अनुताप असा हातांतून दिसावा लागतो.

पण केवळ पस्तावा पुरतो का? येशूला धरून देणारा यहूदा पस्तावला, चांदीची तीस नाणी टाकून आला; पण गुरूकडे परत न जाता त्याने गळफास घेतला. पेत्राने एका रात्रीत तीनदा गुरूची ओळख नाकारली. तोही ढसढसा रडला. परंतु सोबत्यांत राहिला, आणि पुढे गुरूने आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपविली. अश्रू दोघांचेही खरे. अंतर पडले ते आशेमुळे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका प्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे जुन्या जीवनाचे मरण आणि नव्याचा जन्म. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत नेले. आम्हांस धर्मांतर सांगावयाचे नाही. त्या पुलाचा एक खांब अनुतापाचा होता, एवढेच दाखवावयाचे आहे. आपण तर त्याच पुलावर रोज उभे असतो!

म्हणून गळ्यात माळ आणि शेजाऱ्याचा धुरा कोरलेला, हे चालावयाचे नाही. आधी धुरा सरळ करावा, मग टाळ हाती घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. दारूच्या लाजेने एखादा भजनाला यायचा थांबतो. कोणी कर्जाच्या लाजेने थांबतो. कर्ज हे पाप नव्हे, पण त्याची लाज माणसाला तितकेच एकटे पाडते. लोक म्हणतात, “आता कशाला येतो तो!” अहो, अशा बोलण्याने आपणच त्याला यहूदाच्या वाटेला लावतो. आपल्या वर्धा जिल्ह्याने त्या वाटेने गेलेल्यांची घरे पाहिली आहेत.

तेव्हा येत्या एकादशीआधी अशा एकाच्या घरी जावे. उपदेश करू नये. “चला भाऊ, तुमची जागा रिकामी आहे,” एवढेच म्हणावे. विठाई लेकराचे तोंड पाहते, त्याचे मळलेले कपडे पाहत नाही.

रामकृष्ण हरि!