घाटात पंखा थांबला तर?

चाळीसगाव,
वैशाख शुद्ध दशमी

चि. बाळूस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल धुळे रोडच्या पंपावर आपल्या गल्लीतला पोरगा भेटला. तू ट्रकच्या रेडिएटरचा पट्ट्यावरचा पंखा काढून कारचे दोन इलेक्ट्रिक पंखे बसवणार आहेस, पंखे भंगारातून आणलेसुद्धा, आणि पुढच्या फेरीआधी काम उरकायचं ठरलंय, असं तो सांगत होता. रात्री मला झोप लागली नाही. फोन केला असता तर रागात वेडंवाकडं बोललो असतो, म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच.

आधी एकच विचारतो. पुढच्या आठवड्यात तू भडगावची केळी भरून इंदूरकडे निघणार. शिरपूर मागे पडलं की सातपुडा लागतो. बिजासन घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, डोक्यावर वैशाखातलं ऊन, मागे पूर्ण लोड. तिथे पंखा थांबला तर?

तुझा हेतू मला कळतो. पट्ट्यावरचा पंखा गरज नसतानाही फिरतो आणि इंजिनाची ताकद खातो, हे खरं आहे. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी चालली की बऱ्याचदा समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो. 1983 साली मारुती 800 आली, तेव्हा आम्ही गॅरेजवाले बॉनेट उघडून बघतच राहिलो होतो. इंजिन आडवं, रेडिएटर पुढे, मग पट्टा तिथे पोचणार कसा? म्हणून पंखा विजेचा. पाणी तापलं की आपोआप सुरू, निवलं की बंद. फार आवडला होता मला तो. पण बाळू, त्या गाडीत चार माणसं बसायची आणि इंजिन जेमतेम 37 अश्वशक्तीचं होतं.

आता आपल्या गाडीचा हिशोब मांड. ट्रकचा पंखा पूर्ण वेगात पाच अश्वशक्ती सहज घेतो. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट, म्हणजे झाले 3,730 वॉट. गाडी 24 व्होल्टची. भागाकार कर, दीडशेच्या वर अँपिअर येतात. तुझ्या अल्टरनेटरच्या प्लेटवर काय लिहिलंय ते जाऊन वाच. समज 45 अँपिअर असलं, तर सगळे मिळून 1,080 वॉट, आणि त्यातच हेडलाइट, बॅटरीचं चार्जिंग, वायपर, हॉर्न. शिवाय अल्टरनेटर फिरवायला पट्टाच लागतो. इंजिनाच्या ताकदीची आधी वीज करायची, मग विजेचा पुन्हा वारा करायचा, आणि दोन्ही ठिकाणी गळती. वाचलं काय त्यात?

तू म्हणशील, एवढे मोठे पंखे कुठे बसवतोय मी. तेच तर भय आहे. कारचा एक पंखा दोनशे वॉटचा धर. दोन मिळून चारशे, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीच्या थोडं वर. उसाच्या चरकाला शिलाई मशीनची मोटार लावण्यातला हा प्रकार आहे. त्यातून ते पंखे 12 व्होल्टचे, म्हणून तू एकामागे एक सिरीजमध्ये जोडणार. एकाचा कार्बन ब्रश संपला की दोन्ही बंद. एक आतून शॉर्ट झाला तर दुसऱ्यावर सगळे 24 व्होल्ट, मग तोही जळणार. पट्टा जायच्या आधी बऱ्याचदा किंचाळतो, सैल झाला तर हाताला कळतो. रिले चिकटला किंवा फ्यूज उडाला तर कसलाही आवाज होत नाही. काटा लाल रेघेत गेल्यावरच कळतं, आणि घाट चढताना काट्याकडे लक्ष असतं कुणाचं?

घाटातच का, तेही सांगतो. सपाटीवर गाडीचा वेग मदतीला असतो. चढावर गाडी बैलगाडीच्या चालीने जाते, वारा मिळत नाही, आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने जळत असतं. सगळ्यात जास्त वारा तिथेच लागतो आणि तो एकटा पंखाच देतो. तो थांबला की पाणी उकळतं, हेड वाकतं, गॅसकेट जातं. केळी उभ्या गाडीत पिकायला लागतात आणि व्यापारी भाव पाडतो. इतकं नुकसान सोसता येईल. पण पातळ वायरीतून जास्त करंट गेला, वायर तापली आणि केबिनखाली पेट घेतला तर? आणि आगीनंतर बाहेरची जोडणी सापडली तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

रागावू नकोस. मला कुणी वेळेवर सांगायला नव्हतं, म्हणून तुला सांगतो. मला आयटीआयला जायचं होतं. फॉर्मसुद्धा आणला होता. वडील गेले, आणि तू ऐकलंच आहेस, बारा वाजेपर्यंत शाळा आणि नंतर गॅरेज, असं करता करता शाळा सुटली. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, एवढंसं सूत्र मला केस पिकायला लागल्यावर कळलं. तोवर कितीतरी गाड्यांच्या जळालेल्या वायरी हातात धरल्या आणि मालकाला कारण सांगता आलं नाही. ती सल अजून आहे. तुझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, ते फ्रेम करून तुझ्या आईने, आक्काने, देव्हाऱ्याशेजारी लावलंय. मग भंगारातले पंखे उचलताना ही आकडेमोड कागदावर का केली नाहीस?

डिझेल वाचवायचं असेल तर मार्ग आहेत. आपल्या इंजिनाला कंपनीचा व्हिस्कस क्लचचा पंखा बसत असेल तर तो बसवू. त्याच्या आत सिलिकॉन तेल असतं. पुढची पत्ती रेडिएटरच्या गरम हवेने तापली की पंखा पकड घेतो, हवा निवली की सैल सुटतो. पंख्याचा वेग निम्मा झाला की त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्शावर येते, म्हणून बचत खरी होते आणि घाटात वारा हजर असतो. इंजिन थंड आणि बंद असताना हाताने फिरवून बघायचं. मोकाट फिरला तर तेल गळलंय, अजिबात हलला नाही तर जाम झालाय. त्याआधी इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधली फट साफ कर. जिनिंगच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे कापसाचा थर बसतो. पंख्याभोवतीचं काऊल फुटलंय का बघ. रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघ, पण झाकण गरम इंजिनावर उघडू नकोस. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. टायरमधली हवा मोज, आणि ऐंशीने जातोस ते साठवर ये. विजेचे पंखे मोठ्या गाडीला चालतच नाहीत असं मी म्हणत नाही. परदेशातल्या शहरबसना ते आहेत, पण त्यांना पंख्यांची रांग, मोठा अल्टरनेटर आणि कंट्रोलर असं सगळं मापाने बनवलेलं असतं.

एवढं लिहूनही माझं मन घाटातच अडकलंय. 2021च्या ऑगस्टअखेर औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि इकडे तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं, ती रात्र तू वर काढलीस. तुझा फोन लागत नव्हता. आक्काची काय गत झाली होती ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. तुझे वडील, दाजी, गेल्यापासून तिच्यात तेवढं बळ उरलेलं नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशाने त्या घाटात जड वाहनं बंद झाली, तेव्हा तुम्ही सगळे नांदगावच्या वळशाचं डिझेल मोजत होतात आणि आक्काने देवापुढे साखर ठेवली होती.

तो वळसा, डिझेलचा भाव, बँकेचा हप्ता, पोरीची फी, हे सगळं तुझ्या डोक्यावर आहे, मला ठाऊक आहे. तू आळशी नाहीस, उधळ्या नाहीस. चार पैसे वाचवायला रात्र रात्र जागतोस, म्हणून तर जीव तुटतो. दाजींची गाडी तू विकली नाहीस, ती रस्त्यावर ठेवलीस, याचा मला किती अभिमान आहे हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आज लिहून सांगतो.

रविवारी गाडी घेऊन ये. पट्टा, पुली, पाण्याचा पंप, सगळं दोघं मिळून बघू. मामी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा करणार आहे, उपाशीच ये. व्हिस्कस पंख्याचा खर्च माझ्याकडे, आणि हप्ता अडला असेल तर तेही मोकळेपणाने सांग, मामाजवळ लाजायचं नसतं. तोवर त्या दोन पंख्यांना हात लावू नकोस. आणि पुढच्या फेरीला घाट चढायच्या आधी पळासनेरला थांब, पाणी बघ, आक्काला एक फोन कर.

तुझा,
मामा