मधुमेही विद्यार्थ्याचे वजन

मधुमेह जडलेले मूल म्हटले की कृश, गळालेले मूल डोळ्यांपुढे येते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी हे चित्र बहुतांशी खरेही होते. आता नियमित इन्शुलिन घेणारी मुले इतरांप्रमाणेच वाढतात आणि इतरांप्रमाणेच स्थूलही होऊ शकतात. रक्तातील साखर एकाएकी उतरेल या धास्तीने घरची माणसे अधूनमधून खाऊ देतात व खेळावयास मनाई करतात. इन्शुलिनची मात्रा गरजेहून अधिक झाली तरीही वजन वाढते.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. दहा वर्षांचा मुलगा १३० सेंटिमीटर उंच व ३४ किलो वजनाचा असल्यास ३४ भागिले १.६९, म्हणजे सुमारे २०.१ हा अंक येतो. प्रौढाच्या मापाने तो मुळीच अधिक नव्हे. परंतु ते माप मुलांस लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांस १८.५ च्या पुढे जादा वजन आणि २१.४ च्या पुढे स्थूलता धरली आहे. मुलींचे अंक निराळे आहेत. एका मोजणीपेक्षा दर तिमाहीच्या नोंदी अधिक बोलक्या ठरतात. वजन मात्र आडोशास करावे. वर्गासमोर आकडा उच्चारला गेला, की मूल काट्याचा धसका घेते.

पुढील धोका याहून मोठा आहे. इन्शुलिन चुकविले की वजन झपाट्याने उतरते, हे जाणत्या मुलामुलींच्या ध्यानात येते व काही जण मुद्दाम टोचून घेणे टाळतात. असे उतरलेले वजन ही प्रगती नव्हे. सोबत अतिशय तहान, वारंवार लघवी, उलटी वा खोल श्वास दिसल्यास मुलास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

जादा वजन आढळल्यास शिक्षकांनी पोषण आहारातील वाटा परस्पर कमी करू नये. नोंद पालकांच्या हाती द्यावी. आहार व मात्रा डॉक्टरच ठरवितील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा तीच नोंद त्यासही दाखवावी. मूल कितीही स्थूल असो, त्यास घाम व कंप सुटला आणि ते शुद्धीवर असेल, तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी व पंधरा मिनिटे त्याजवळून हलू नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये.