लाल सफरचंदाला पिवळ्याची सोबत

हिमाचल प्रदेशाच्या सिमला जिल्ह्यातील कोटगढ परिसरात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून आणलेली ‘रेड डिलिशस’ सफरचंदाची रोपे लावली. पुढे हे फळ तेथील शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन बनले.

मात्र या जातीच्या फुलांना स्वतःच्या परागाने पुरेशी फळे धरत नाहीत. जवळपास त्याच सुमारास फुलणारी ‘गोल्डन डिलिशस’सारखी दुसरी जात आणि पराग वाहून नेणाऱ्या मधमाश्या, या दोहोंची आवश्यकता असते. लाल फळाला भाव अधिक, म्हणून ज्या बागांत पिवळ्या जातीची झाडे कमी ठेवली गेली, तेथे फळधारणा घटली. मग फुलोऱ्यात पिवळ्या जातीच्या फुललेल्या डहाळ्या पाण्याच्या बाटल्यांत घालून लाल झाडांवर टांगाव्या लागतात. मधमाश्यांच्या पेट्याही भाड्याने आणाव्या लागतात.

यावरील उपाय लागवडीतच आहे. दर तीन मुख्य झाडांमागे एक झाड पराग पुरविणाऱ्या जातीचे असावे आणि फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. पिवळे फळही वाया जात नाही. ते मुलांना खाण्यास, मुरंब्यास व फोडी वाळवून हिवाळ्यासाठी ठेवण्यास उपयोगी पडते. बाजारात कमी भाव मिळणारे हे झाड घरची गरज भागवते आणि विक्रीचे पीकही राखते.